तळेगावचा डॉलर, पुण्याचा तारा

पायथनमध्ये बसून सी भाषेच्या ‘पुट्स’ या फंक्शनला सांगा, बाबा रे, ‘तळेगाव’ असं छाप. लिनक्सवर पडद्यावर उमटतं ते डॉलरचं चिन्ह. $, बस्स. एमआयडीसीलगतच्या जमिनींचे भाव ऐकून असलेल्यांना यात फारसं नवल वाटायचं नाही, पण गंमत पुढं आहे. ‘पुणे’ म्हटलं की तारा येतो (*). ‘देहू’चं अँपरसँड होतं (&). ‘भाजे’ म्हटलं की वजाबाकीची रेघ, ‘वडगाव’ म्हटलं की पाचाचा आकडा, ‘लोणावळा’ म्हटलं की दोनाचा. अख्ख्या ‘मावळ’च्या वाट्याला येतो एक टिंब. आणि खंडाळा, कामशेत, कार्ला? ती दिसतच नाहीत. पावसाळ्यातल्या धुक्यासारखी गायब.

हा खोडसाळपणा कुणी मुद्दाम केलेला नाही. युनिकोडमध्ये ‘त’चा क्रमांक सोळा-पायाच्या मोजणीत ०९२४. पायथनचं ‘सीटाइप्स’ हे रॅपर, म्हणजे दोन भाषांमधला दुभाष्या, मजकूर सीकडं ढकलताना लिनक्सवर प्रत्येक अक्षराला चार बाइट देतं, आणि तेही धाकटा बाइट आधी ठेवून: २४, ०९, ००, ००. पुट्सला मात्र एक बाइट म्हणजे एक अक्षर एवढंच ठाऊक. जुन्या आस्की तक्त्यात २४ म्हणजे डॉलर, ०९ म्हणजे टॅब, आणि ०० म्हणजे ‘मजकूर संपला’. झालं, उरलेलं ‘ळेगाव’ वाचायच्या आधीच पुट्सनं दुकान बंद केलं. देवनागरीची झाडून सगळी अक्षरं ०९ नंच सुरू होतात, त्यामुळं प्रत्येक गावामागं एक टॅब ठरलेला. खंडाळ्याचा ‘ख’ आणि कार्ल्याचा ‘क’ हे आस्कीतल्या न दिसणाऱ्या नियंत्रण-चिन्हांवर जाऊन पडतात, म्हणून ती गावं गुप्त.

विंडोजवर हाच प्रयोग वेगळा निघतो. तिथं अक्षराला दोनच बाइट, त्यामुळं मधे शून्य येत नाही आणि पुट्स शेवटपर्यंत चालत जातं. ‘लोणावळा’चं मग होतं: दोन, इंग्रजी के, #, >, पाच, तीन, >. प्रत्येकामध्ये टॅबची ऐसपैस जागा. वायफायचा पासवर्ड म्हणून वाईट नाही.

उपाय अगदी साधा. मजकूर आधी यूटीएफ-८ बाइटमध्ये बदलायचा आणि मगच सीच्या हाती द्यायचा. मग लोणावळा लोणावळाच छापलं जातं.

चार, सात की एकवीस?

‘लोणावळा’ या शब्दात अक्षरं किती? शाळेतली पोरं सांगतील चार: लो, णा, व, ळा. पायथन म्हणतो सात, कारण काना-मात्रा तो वेगळ्या मोजतो. जावासुद्धा सातच म्हणते. सीचं ‘स्ट्रलेन’ म्हणतं एकवीस, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. तिन्ही उत्तरं बरोबर. पण रॅपर लिहिणाऱ्यानं पायथनच्या सातवर विसंबून सीसाठी सात बाइटांची जागा राखली, तर तिच्यात फक्त ‘लो’ मावतो आणि ‘ण’चा एक तृतीयांश तुकडा. इंग्रजी मजकुरावर तपासलेले प्रोग्रॅम मराठी नाव टाकताच लुळे पडतात, त्यात या सात-एकवीसच्या घोळाचा वाटा मोठा आहे.

जावाची आणखी एक तऱ्हा. तिच्या जेएनआय या सीकडं जाणाऱ्या दारात जो यूटीएफ-८ वापरतात, तो अस्सल नव्हे, ‘सुधारित’ आहे. शून्य हे चिन्ह तिथं मुद्दाम दोन बाइटांत लिहितात, म्हणजे सीला मजकूर मधेच संपल्याचा भास होऊ नये. पुट्सच्या सवयी जावावाल्यांनी आधीच ओळखल्या होत्या म्हणायच्या.

बँकर लावायचा कधी?

बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर, आणि चढ इतका खडा की सदतीस फुटांमागं एक फूट वर. म्हणून कर्जतला गाडीच्या मागं बँकर इंजिनं लागतात, गाडी ढकलत वर आणतात आणि लोणावळ्यात सुटतात. दुसऱ्या भाषेतून सीची फंक्शन बोलावणं हा नेमका असाच व्यवहार आहे. जोर बँकरचा, नाव गाडीचं. आणि जोडण्या-सोडण्यात जाणारा वेळ ठरलेला. पुढं अख्खा घाट चढायचा असो की प्लॅटफॉर्मच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचं असो.

दर वेळी सीमा ओलांडताना रॅपरला पाहावं लागतं: आलेली वस्तू संख्या आहे का, केवढी आहे, सीच्या साच्यात बसते का, परत येणारं उत्तर कशात गुंडाळायचं. म्हणून सीटाइप्समधून सीचं वर्गमूळ दहा लाख वेळा बोलावलं, तर ते पायथनच्या स्वतःच्या ‘मॅथ’मधल्या वर्गमुळापेक्षा हळू निघतं. सी म्हणजे वेगवान असं ऐकून आलेल्यांचा इथं हिरमोड होतो. त्यातली खरी गंमत अशी की ‘मॅथ’मधलं वर्गमूळही शेवटी सीचंच आहे, फरक एवढाच की त्याचं रॅपर आधीच शिवून ठेवलंय, सीटाइप्स मात्र दर खेपेला नव्यानं माप घेतं.

नमपाय, म्हणजे पायथनमध्ये आकडेमोड करणाऱ्यांचं दैवत, २००६ साली ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी बाहेर आणलं. त्याचं मर्म एवढंच: दहा लाख संख्या एका पट्ट्यात मांडायच्या आणि सीमा एकदाच ओलांडायची. बेरीज-गुणाकाराचा चढ पूर्णपणे सीच्या बाजूला.

सीटाइप्सची एक कमी माहितीतली सोय: नेहमीच्या पद्धतीनं लायब्ररी उघडली, तर सीचं काम चालू असेपर्यंत पायथन एका वेळी एकच धागा चालू देणारं आपलं मोठं कुलूप सोडून ठेवतो. म्हणजे तेवढ्या वेळात पायथनचे बाकीचे धागे आपापली कामं उरकू शकतात. सीटाइप्स लिहिलं टॉमस हेलर यांनी, आणि २००६ मध्ये पायथन २.५ बरोबर ते घरचं झालं.

सगळे सीच का बोलतात?

सी १९७२ च्या सुमाराला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली. त्यानंतर तिच्याहून गोंडस, सुरक्षित, शहाण्या भाषा डझनांनी आल्या. तरीही रस्टला गोशी बोलायचं झालं तर दोघंही मधे सीची बोली वापरतात. यात सीच्या थोरवीपेक्षा तिच्या साधेपणाचा भाग जास्त. सीमध्ये फंक्शनला जे नाव दिलं, जवळपास तेच नाव तयार लायब्ररीत सापडतं. सी++ मात्र त्याच नावाला माहितीची झालर लावून लांबलचक करून ठेवते, आणि ही झालर प्रत्येक कंपायलर आपापल्या पद्धतीनं लावतो. बाहेरच्यानं हाक मारायची कशी? म्हणून सी++वालेही बाहेर तोंड दाखवताना ‘हे सीसारखं ठेव’ असं लिहून देतात.

नाव सापडलं तरी सामान कुठं ठेवायचं हा प्रश्न उरतो. इंटेल-एएमडीच्या चौसष्ट-बिटी प्रोसेसरवर लिनक्स फंक्शनला दिलेल्या पहिल्या सहा पूर्णांकी गोष्टी रजिस्टरमध्ये ठेवतं, विंडोज पहिल्या चारच. प्रोसेसर तोच, रिवाज दोन. हे रिवाज प्रोग्रॅम चालू असताना पाळायचं काम करते ‘लिबएफएफआय’ ही छोटीशी लायब्ररी, अँथनी ग्रीन यांनी १९९६ साली सुरू केलेली. पायथनचं सीटाइप्स तिच्यावर चालतं, रूबीचं एफएफआयही.

रिवाज बदलला की काय होतं, ते २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलचे एम-१ मॅक आले तेव्हा दिसलं. ‘प्रिंटएफ’सारखी फंक्शन कितीही गोष्टी घेतात. ॲपलच्या एआरएम रिवाजात या ‘कितीही’मधल्या गोष्टी रजिस्टरमध्ये न ठेवता स्टॅकवर ठेवतात. इंटेलवर वर्षानुवर्षं सुखानं चाललेली, पण हा भेद न पाळणारी रॅपरं तिथं एका जागी सामान ठेवू लागली आणि फंक्शन दुसऱ्याच जागी शोधू लागलं. इंटरनेटवरून फाइली आणणाऱ्या लिबकर्लचं पर्याय ठरवणारं मुख्य फंक्शन याच जातीचं आहे, आणि लिबकर्लला तर पन्नासहून अधिक भाषांमधली रॅपरं आहेत.

आयएनएस शिवाजी आणि खिशातला डेटाबेस

लोणावळ्यातली आयएनएस शिवाजी ही नौदलाची संस्था. समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर, १९४५ पासून इथं नौदलाचे इंजिनिअर तयार होतात. जहाजाला भोक पडलं, आग लागली, पाइप फुटला तर काय करायचं, याचं प्रशिक्षणही इथंच मिळतं.

आता पाहा, अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी नेमक्या याच कामाचा प्रोग्रॅम लिहिताना रिचर्ड हिप वैतागले होते. पाइप फुटला तर कुठले व्हॉल्व बंद करून पाणी कुठून वळवायचं, हे सांगणारा तो प्रोग्रॅम. पण माहिती होती वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर, आणि तो सर्व्हर झोपला की हाही हात वर करायचा. सर्व्हरच नको, नुसती एक फाइल असावी, या हट्टातून २००० साली ‘एसक्यूलाइट’ जन्मली. सीमध्ये लिहिलेली, पण मुळात टीसीएल या दुसऱ्या भाषेतून बोलावण्यासाठी केलेली. म्हणजे हिची सुरुवातच रॅपरसकट झाली. आज अँड्रॉइडची ॲप जावा-कोटलिनमधून जेएनआयच्या दारानं तिलाच हाक मारतात. भुशी धरणावर भिजत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या खिशात ती असते, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

धुक्याचा फोटो हलका

टायगर पॉइंटला जाऊन दरीचा फोटो काढायला गेलं की त्यात येतं पांढरं धुकं. हळहळू नका, तो फोटो फोनमध्ये जागा कमी खातो. जेपेग पद्धत बारीक चढउतारांवर बाइट खर्च करते, आणि धुक्यात चढउतारच नसतात. अँड्रॉइडमध्ये जेपेग हाताळणारी लायब्ररी म्हणजे ‘लिबजेपेग-टर्बो’. तिची पूर्वज लिबजेपेग १९९१ ची.

या लिबजेपेगचा मूळ स्वभाव भारी तडकाफडकी. फाइल फारच बिघडलेली निघाली, तर ती एक ओळ संदेश लिहून अख्खा प्रोग्रॅमच बंद करते. आपण बोलावलेली पाहुणी, आपल्याच घराला कुलूप लावून जाणारी. म्हणून तिचं रॅपर लिहिणाऱ्याचं पहिलं काम असतं हा बंद करण्याचा अधिकार काढून घेणं आणि त्या जागी आपल्या भाषेतली नेहमीची चूक उभी करणं.

दऱ्या नीट दिसाव्यात म्हणून

राजमाचीच्या ट्रेकचं वर्णन फोनवर वाचताना ‘दऱ्या’ हा शब्द नीट दिसतो, ही सहज घडलेली गोष्ट नव्हे. द, ऱ, हलन्त, य, काना अशी पाच चिन्हं फोनकडं ओळीनं येतात. त्यांतून तो पापणीसारखा र उचलून ‘या’ला चिकटवण्याचं काम ‘हार्फबझ’ करते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, सगळीकडं तीच. आतून ती सी++मध्ये लिहिलेली, पण बाहेरचा दरवाजा सीचा, म्हणूनच पायथनपासून रस्टपर्यंत कुणीही तिला बोलावू शकतं. आणि ऱ ऐवजी साधा र टाईप झाला, तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा थेट दर्या होतो. तिथं हार्फबझचाही इलाज नाही.

लोणावळा, नॉर्वेच्या उत्तरेला

लोणावळ्याचे अक्षांश साधारण १८.७५ उत्तर, रेखांश ७३.४ पूर्व. दोन्ही आकड्यांची अदलाबदल करा: तुम्ही बॅरेंट्स समुद्रात, नॉर्वेच्या उत्तर टोकाच्याही वर, बेअर बेटाच्या दक्षिणेला गटांगळ्या खात असता. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, सगळं मावळ बर्फाळ पाण्यात.

२०१९ मध्ये हे प्रत्यक्षात बऱ्याच जणांच्या वाट्याला आलं. नकाशांचं गणित करणारी ‘प्रोज’ आणि नकाशांच्या फाइली वाचणारी ‘जीडाल’ या दोन्ही लायब्ऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांनी ठरवलं की अधिकृत नियमात अक्षांश आधी लिहिलाय, तर आपणही तोच आधी घेणार. पायथनमधले कित्येक प्रोग्रॅम रेखांश आधी पाठवत होते. लायब्ररीत बिघाड नव्हता, प्रोग्रॅमही काल होता तसाच, मधला करार तेवढा बदलला. शेवटी ‘पायप्रोज’ या रॅपरमध्ये ‘नेहमी रेखांशच आधी’ अशा अर्थाची एक खूण ठेवावी लागली. अजूनही पुष्कळ जण ती खूण देवाचं नाव घेतल्यासारखी प्रत्येक ओळीत लिहितात.

पावसाचा हिशेब पाषाणला

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या घरात. एवढ्या कमी अंतरात एवढा फरक पडत असल्यानं हवामानाच्या प्रारूपांना हा पट्टा फार जड जातो. पाषाणच्या आयआयटीएम संस्थेत घडलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ ला देशाला दिली गेली. तिची चौकट सहा किलोमीटरची, आधीची बारा किलोमीटरची होती. सहा किलोमीटर म्हणजे लोणावळा आणि खंडाळा अजूनही जवळपास एकाच चौकटीत.

अशी प्रारूपं प्रामुख्यानं फोरट्रानमध्ये चालतात, आणि त्यांची उत्तरं पुष्कळदा नेटसीडीएफ नावाच्या फाइलींत साठतात. संशोधक विद्यार्थी ती फाइल पायथनच्या एका ओळीत उघडतो. त्या ओळीखाली काय काय आहे पाहा: पायथनखाली सायथनमध्ये लिहिलेलं रॅपर, त्याखाली सीमधली नेटसीडीएफ लायब्ररी, तिच्याखाली सीमधलीच एचडीएफ-५, आणि तिच्याखाली दाबून ठेवलेले आकडे उलगडणारी झेडलिब. ही झेडलिब १९९५ ची, झाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांची. घाटातला पाऊस तिथं झिप फाइलसारखा घडी घालून पडलेला असतो.

आणखी एक पेच. फोरट्रान आकड्यांचा तक्ता उभ्या रांगांनी साठवतो, सी आडव्या. मधल्या माणसानं हे विसरून तक्ता जसाच्या तसा पुढं सरकवला, तर नकाशा आडवा पडतो. मग पाऊस कोकणात पडायचा तो कुठंही पडतो.

खोडदची सापबोली

मावळाच्या उत्तरेला जुन्नर तालुका, तिथं नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या. २०१० ते २०१२ मध्ये तिनं १५० मेगाहर्ट्‌झवर दिसेल तेवढं आकाश विंचरलं. त्या निरीक्षणांतून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत सहा लाखांवर रेडिओ-स्रोत आहेत.

ही यादी ज्या प्रणालीनं तयार झाली ती पायथनमध्ये लिहिलेली, पण आकडेमोडीचा मोठा भार होता एप्स या १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या, मुख्यतः फोरट्रानमधल्या जुन्या सॉफ्टवेअरवर. दोघांमधल्या दुभाष्याचं नाव ‘पार्सलटंग’. हॅरी पॉटरमधली सापांशी बोलायची भाषा, कारण पायथन म्हणजे अजगर. खगोलवाल्यांना नावं ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही.

हिंगोलीत येऊ घातलेला सी

गुरुत्वलहरींचा शोध म्हणजे प्रचंड गोंगाटात एक ठरावीक सूर हुडकणं. असा सूर कसा हुडकायचा, त्यासाठी नमुने किती आणि कुठले घ्यायचे, यावर पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच शोधनिबंध लिहिला होता. १४ सप्टेंबर २०१५ ला, आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली असताना, पहिली लहर सापडली. तिची खातरजमा करणाऱ्या प्रणालींपैकी एक ‘पायसीबीसी’. नावाप्रमाणं पायथनमधली, पण पोटात सीची ‘लाल’ ही लायब्ररी.

‘लाल’ला पायथनमध्ये आणायचं काम ‘स्विग’ करतं. १९९५ मध्ये डेव्हिड बीझली यांनी लॉस अलामॉसला असताना केलेलं हे यंत्र सीची घोषणापत्रं वाचून रॅपर आपणच लिहून काढतं. हजारो फंक्शनची रॅपरं हातानं लिहायला बसलं असतं, तर दोन कृष्णविवरं आणखी एकदा धडकली असती.

पायसीबीसी लहरींचे सूर सुटे करायला ‘एफएफटीडब्ल्यू’ ही लायब्ररीही वापरते, तीही सीटाइप्समधून. हिची कथा आणखी उलटी. सीमधल्या या लायब्ररीचा गाभा माणसानं सीमध्ये लिहिलेला नाही. ओकॅमल भाषेतला एक प्रोग्रॅम तो सी कोड लिहितो. म्हणजे ओकॅमलनं लिहिलेलं सी, पायथननं बोलावलेलं. शिवाय एखाद्या यंत्रावर कुठली युक्ती जलद चालते हे ती करून पाहते आणि ते जपून ठेवते. त्या साठ्याला तिच्यात ‘शहाणपण’ म्हणतात, आणि ‘शहाणपण विसर’ असं एक फंक्शनही आहे. काही बैठकांना त्याची गरज आधीच भागलेली असते.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटरच्या दोन बाहूंतून येणारे आकडे याच वाटेनं जातील.

पवईचं गेटवे

सायलॅब हे फुकट गणिती सॉफ्टवेअर मूळ फ्रान्सचं. त्यात रॅपरला ‘गेटवे’ म्हणतात. पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पानं सायलॅबसाठी इष्टतम उत्तर शोधणारा एक टूलबॉक्स केला. आत इपॉप्ट, सिंफनी यांसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ऱ्या, वर विद्यार्थ्याला एका ओळीत बोलावता येतील अशी फंक्शन. कारखान्यात कुठला माल किती करायचा म्हणजे खर्च कमी, असल्या गणिताला महागडा परवाना लागू नये, हा त्यामागचा रोख. माझ्या मते राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रकल्पांना याहून चांगला विषय नाही: एक चांगली सी लायब्ररी निवडा आणि तिचं गेटवे लिहा. चेहरा ओळखून हजेरी लावणारं ॲप आता पुरे झालं.

महिना शून्यावा, वर्ष एकशे सव्वीसावं

सीला तारीख विचारा. जानेवारी हा तिचा शून्य क्रमांकाचा महिना, आणि वर्ष ती १९०० पासून मोजते. म्हणजे २०२६ हे १२६. पायथन आणि रूबी यांची रॅपरं भली. ती महिन्यात एक मिळवतात, वर्ष पुरं करतात आणि मगच आपल्या हातात देतात. पर्ल मात्र सीचं उत्तर जसंच्या तसं समोर टाकतं. जावास्क्रिप्टनं १९९५ मध्ये तारखेची रीत जावाकडून उचलली, जावानं ती सीकडून घेतली होती. त्यामुळं १५ ऑगस्टला लोणावळ्याच्या चौकात गाडी अडकली असेल, तर जावास्क्रिप्टच्या लेखी तो सातवा महिना.

अपघातप्रवण क्षेत्र

सीटाइप्सला सांगितलं नाही, तर ते धरून चालतं की सीचं प्रत्येक फंक्शन साधा पूर्णांक परत करतं, बत्तीस बिटांचा. वर्गमुळाचं उत्तर असतं दशांशी, आणि ते वेगळ्याच रजिस्टरमध्ये येतं; सीटाइप्स पूर्णांकाचं रजिस्टर वाचून काहीबाही आकडा देतं. फंक्शननं मेमरीचा पत्ता परत केला असेल तर आणखी वाईट. चौसष्ट बिटांच्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो, उरलेल्या अर्ध्या पत्त्यावर पुढचं फंक्शन जातं, आणि प्रोग्रॅम जागीच कोसळतो. पायथनची नेहमीची सविस्तर तक्रारही ऐकू येत नाही.

सीनं मागवलेली मेमरी कुणी परत करायची, हा दुसरा वांध्याचा विषय. मजकुराची प्रत करणाऱ्या ‘स्ट्रडप’नं दिलेला मजकूर सीटाइप्स आनंदानं पायथनच्या बाइटमध्ये उतरवून घेतं आणि मूळ पत्ता टाकून देतं. पत्ता हरवला, आता ती जागा मोकळी करणार कशी? प्रोग्रॅम दिवसभर चालला की मेमरी फुगत जाते.

तिसरा प्रकार उलट दिशेचा. सीच्या क्रम लावणाऱ्या ‘क्यूसॉर्ट’ला तुलना करायला फंक्शन लागतं, ते पायथनचं देता येतं. तेव्हा सी पायथनला हाक मारते. काही लायब्ऱ्या असं फंक्शन ठेवून घेतात आणि बऱ्याच वेळानं बोलावतात. तोवर पायथनच्या सफाई कामगारानं ‘हे कुणी वापरत नाही’ म्हणून ते उचलून टाकलं असेल, तर हाक जाते रिकाम्या जागेला. असा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी हमखास दिसतो.

बेचाळीस अक्षरांचं गाव

जावामध्ये फंक्शनचं नाव मराठीत ठेवता येतं. ‘लोणावळा’ असं नाव ठेवलं आणि त्याचं काम सीवर सोपवलं, तर जेएनआयचा नियम असा की इंग्रजीबाहेरच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी अधोरेघ, शून्य आणि युनिकोडचे चार अंक लिहायचे. सात चिन्हं, प्रत्येकी सहा जागा. सीच्या बाजूला एकट्या लोणावळ्याला बेचाळीस अक्षरं लागतात, आणि त्याआधी ‘जावा’ हा शब्द, पॅकेजचं नाव आणि क्लासचं नाव वेगळं.

घाटातला एक मंगळवार

जुन्या बत्तीस-बिटी यंत्रांवर सी वेळ मोजते ती १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि ती मोजणी १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. भारतीय वेळ. सव्वासातला पुण्याहून सुटणारी डेक्कन क्वीन त्या सुमाराला घाटात असते. वेळापत्रक असंच राहिलं तर त्याही दिवशी असेल. पुढच्या सेकंदाला असं घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवतं. तेव्हा डेक्कन क्वीन जन्माला यायला अठ्ठावीस वर्षं बाकी होती, आणि घाटातल्या गाड्या अजून खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनवर दिशा बदलून जात होत्या.

घड्याळ चौसष्ट बिटांचं करणं हा इलाज ठाऊक आहे. अडचण रॅपरची. लायब्ररी आठ बाइटांची वेळ मागते आणि रॅपर जुन्या समजुतीनं चार देतं, की पुढची सगळी माहिती चार बाइटांनी सरकते. म्हणून डेबियन लिनक्सनं २०२४ मध्ये बत्तीस-बिटी एआरएम यंत्रांसाठी हा बदल करताना त्यात सापडलेल्या लायब्ऱ्यांच्या पॅकेजांना ‘टी-६४’ अशी शेपटी लावली. नाव जुळलं नाही तर जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीशी जोडलाच जात नाही. मग आरडाओरडा होतो तो पॅकेज बसवतानाच.